अंगणातून उचललेला दगड

नाशिक,
६ नोव्हेंबर २०२३

लियाकतभाऊ, नमस्कार.

दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशीच उभी राहून कणीक तिंबत होते. तिकडे मोरीत रात्रीची भांडी पडली होती, नळाला पाणी आलं होतं आणि ते जायच्या आत पिंप भरायचं होतं. दूध उतरवून भांडी घासायला बसले, तर टोपात एक दगड. मोसंबीएवढा, एका बाजूनं सपाट, आणि त्या बाजूला लाल काहीतरी चिकटलेलं. मला वाटलं, दगडाला रस्सा लागलाय. तारेची घासणी लावणार, तेवढ्यात हे तोंडात ब्रश धरून ओरडत आले, "अगं थांब! हजारो वर्षांचा रंग आहे तो!"

मी म्हटलं, "मग खरकट्यात कशाला ठेवलात? हजारो वर्षांची वस्तू काय मोरीत ठेवतात?"

आदल्या दिवशी तुम्ही दोघं पेठकडच्या त्या कपारीत जाऊन आला होतात, माती धुवायला म्हणून ह्यांनी तो मोरीत ठेवला होता. पाच मिनिटं आमची जुंपली. मग ह्यांनी तोंड धुतलं, मी चहा टाकला.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी ती सकाळ आठवली. तुम्ही लिहिलंत की पुण्याच्या पुरातत्त्व खात्यातल्या तेजस्विनीबाई संक्रांतीनंतर कपारीतली चित्रं बघायला येणार आहेत, आणि ह्यांनी जुलैत त्यांना ज्या लाल दगडाबद्दल कळवलं होतं, तो त्यांना बघायचा आहे. भाऊ, तो दगड घरात दिसत नाही.

ह्यांचे सगळे दगड तुळशीच्या ओट्यावर ओळीनं मांडलेले असायचे, तुम्हाला माहीत आहे. बाकीचे आहेत. हे श्रावणात गेले, तेव्हापासून मी त्यांना हात लावलेला नाही, झाडतानासुद्धा केरसुणी लांबून फिरवते. काल एकेक उचलून पाहिला. तो नाही. ललितला फोन केला, तर तो म्हणाला, "आई, दगड तो दगड, मला काय माहीत." मुलगा वाईट नाही, पण वडिलांच्या या नादाकडे त्यानं कधी बघितलं नाही.

मी सातवी पास बाई. हे मोजणी खात्यातले आणि तुम्ही ड्रॉइंगमास्तर, तुम्हाला डोंगर वाचता यायचे. मला ह्यांनी वाचनालयातली पुस्तकं वाचता वाचता जे सांगितलं तेवढंच येतं. म्हणून विचारते, तो दगड नक्की आमच्याकडेच राहिला होता ना? की तुम्ही नेला होता? माझा काही भरवसा नाही. हल्ली मी मीठ घातलं का ते दोनदा चाखून बघते.

सिताराला आठवण सांगा.

तुमची,
संध्यावहिनी


नांदगाव,
१५ नोव्हेंबर २०२३

संध्यावहिनी, सलाम.

फोनच केला असता, पण फोन जवळ नेला की कानातलं मशीन शिट्टी मारतं. सितारा म्हणते, या वयात कोणाला शिट्ट्या मारताय. म्हणून पत्र. शिवाय शेखरला आणि मला पत्रांचीच सवय होती. तो पोस्टकार्डावर एवढं बारीक लिहायचा की पत्त्यालाही जागा उरायची नाही.

दगड माझ्याकडे नाही. तो शेखरकडेच होता. सापडला त्यालाच. कपारीच्या खालची माती पावसानं वाहिली होती, तिथं तो अर्धा वर आलेला दिसला. मी म्हटलं, नुसता गोटा आहे. शेखर गुडघ्यावर बसला, थुंकी लावून पुसलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या रंगाच्या पेटीतला आहे हा." त्या सपाट बाजूवर कोणीतरी गेरू घोटला होता, वहिनी. खाचांत रंग अजून बसलेला.

आता याचं महत्त्व. चित्र किती जुनं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. कोणी म्हणतं दहा हजार वर्षं, कोणी म्हणतं दोन हजार, आणि कोणी म्हणतं गुराख्यांनी काढलेली आहेत, सोडा. पण दगडावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग एकच निघाला, तर ज्या मातीत दगड होता त्या मातीवरून काही अंदाज बांधता येईल. तेजस्विनीबाई म्हणतात की तसं झालं तर अहवालात शेखरचं नाव शोधणारा म्हणून छापून येईल. दगड नसेल तर ती नुसती ऐकीव गोष्ट. तीस वर्षं तो माणूस दर रविवारी डोंगर चढला, आणि एक ओळसुद्धा कुठं त्याच्या नावावर नाही.

कपाटं बघा. माळा बघा. शेखर वस्तू ठेवायचा म्हणजे पिशवीत पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी.

त्या डोक्यावर काहीतरी असलेल्या आकृतीवरून आमचा वाद अर्धाच राहिला. तो म्हणायचा बाई आहे, डोक्यावर हंडा आहे. मी म्हणायचो पुरुष आहे, शिंगांचं सोंग घेतलंय. आता जिंकलो तरी सांगू कोणाला?

आपला,
लियाकत


नाशिक,
२६ नोव्हेंबर २०२३

लियाकतभाऊ, नमस्कार.

माळा बघितला, कपाटं बघितली. पिशव्यांच्या पिशव्या निघाल्या. दगड निघाला नाही. पण तो कुठं गेला असावा ते कळलं, आणि कळल्यापासून मी जास्तच गोंधळले आहे.

भाऊबीजेनंतर आमचे चुलत दीर पुंजारामभावजी भेटायला आले होते. पहिलीच दिवाळी, घरात काही केलं नव्हतं. चहा पिता पिता मी दगडाचं बोलले, तर ते एकदम म्हणाले, "वहिनी, तुळशीपाशचा का? त्यातलाच एक तर आपण त्या दिवशी घेतला."

तुमच्याकडे ही रीत नाही म्हणून नीट सांगते. आमच्यात चितेभोवती मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतो, आणि मागचा माणूस दगडानं मडक्याला भोक पाडत जातो. त्या दगडाला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या दगडात असतो असं मानतात. दहाव्याला त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं, तेल लावायचं, कावळा पिंडाला शिवला की तो पाण्यात सोडायचा. मग माणूस सुटला.

हा दगड पूर्वी वाटेत उचलायचे. तिरडी अर्ध्या वाटेवर टेकवतात, त्या विसाव्याच्या जागी. पण आता आमच्या घरापासून स्मशानापर्यंत सगळा रस्ता काँक्रीटचा, कडेला पेव्हर ब्लॉक. दगड आणायचा कुठून? म्हणून निघायच्या आधीच पुंजारामभावजी ललितला म्हणाले, "अरे, अंगणातला एक खिशात टाक, तिथं ऐनवेळी मिळायचा नाही." पोराच्या डोळ्यांना पाणी लागलेलं. त्यानं तुळशीपाशी हात घातला आणि हाताला लागला तो उचलला.

दहा दिवस तो दगड फडक्यात बांधून बाहेर कुंपणाच्या कोनाड्यात होता. मी पाहिला नव्हता.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. दहाव्याला रामकुंडावर गुरुजींनी मला तेल लावायला सांगितलं. डोकं जाग्यावर नव्हतं, दगडाकडे नीट बघितलंही नाही. अंगठ्यानं तेल लावलं. हात मागे घेतला तर अंगठा लाल. काळपट लाल. मी दचकले. त्या दहा दिवसांत माझ्या कपाळाला बोट लागलं नव्हतं, मग हे आलं कुठून? शेजारी माझ्या मावससासूबाई, बयाबाई बसल्या होत्या. त्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे. मी अंगठा मुठीत झाकला. सगळे हात धूत होते, मी धुतले नाहीत. मूठ मिटूनच रिक्षात बसले आणि घरी येईपर्यंत उघडली नाही.

तेव्हापासून मला वाटत होतं की काहीतरी मला दिलं गेलं. काय ते माहीत नाही. मी तशी भाबडी बाई नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण एवढं एक होतं माझ्याजवळ.

आणि आता कळतंय की तो दगडाचा गेरू असेल. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी ज्याच्यावर रंग घोटला, त्याच दगडात आम्ही ह्यांचा जीव ठेवला आणि पाण्यात सोडला. दुसऱ्याच्या वस्तूत ठेवलेला जीव सुटतो का? गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "दगड सगळे सारखेच." तुम्ही आणि हे तर म्हणायचात की एकासारखा दुसरा नसतो. कोणाचं खरं धरू?

तेजस्विनीबाईंना काय सांगायचं तेही कळवा.

संध्यावहिनी


नांदगाव,
२० डिसेंबर २०२३

संध्यावहिनी, सलाम.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. थंडीनं हात नीट चालत नाहीत.

खुशखबर आहे. दगड सापडला. माझ्याकडेच होता. शेखरनं जूनमध्ये त्याचं चित्र काढायला मला दिला होता, मी विसरून गेलो होतो. म्हातारपण, दुसरं काय. सोबतच्या खोक्यात पाठवत आहे. एसटीनं येईल, ललितला किंवा कोणाला तरी सोडवून आणायला सांगा.

म्हणजे ललितनं त्या दिवशी उचलला तो साधाच दगड होता. तुम्ही काही गमावलेलं नाही, शेखरचं काही पाण्यात टाकलेलं नाही. मनावरचं ओझं उतरवा. अंगठ्याचं म्हणाल, तर तुळशीपाशी हळदकुंकू सांडलेलं असतंच. तेच दगडाला लागलं असेल, तेच तुमच्या अंगठ्याला.

तेजस्विनीबाई २१ जानेवारीला, रविवारी येत आहेत. तुम्हीही चला. शेखरची जागा तुम्ही एकदा डोळ्यांनी बघायला हवी.

लियाकत


नाशिक,
२४ जानेवारी २०२४

प्रिय सितारा,

तुझे गुडघे दुखतात म्हणून तू आली नाहीस, आणि आल्यावर सगळं लिहून कळवीन असं मी कबूल केलं होतं. आधीच सांगते, मला तिथलं फारसं काही कळलेलं नाही. कळलं त्याच्यापेक्षा न कळलेलंच जास्त लिहिते.

पेठच्या पुढे पाड्यापर्यंत जीप गेली. तिथून नवसाबाई नावाच्या बाई वाट दाखवायला आल्या. हे आणि लियाकतभाऊ नेहमी त्यांच्याच घरी पाणी प्यायचे. मला बघून त्या म्हणाल्या, "मास्तर, आज सायब नाय?" मग त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. चढताना त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती.

गुहा म्हणजे आत अंधार, पांडवलेण्यांसारखं कोरलेलं काही, असं मी धरून चालले होते. ही तर डोंगराची पुढे आलेली दरड. आमच्या ओट्यावर पत्रा टाकलाय, तसं दगडाचं छप्पर, फक्त लांबच लांब. भिंत बघितली. काही नाही. डाग, शेवाळ, आणि कोणीतरी ऑइलपेंटनं काढलेला बदाम, त्यातून बाण गेलेला. माझा हिरमोड झाला. यासाठी हे माझे रविवार खाऊन बसले?

तेजस्विनीबाई म्हणाल्या, "बघत राहा, लगेच नाही दिसत."

बघत राहिले. मग एकदम एक माणूस दिसला. बोटाएवढा. मग त्याचा हात धरलेला दुसरा, मग तिसरा, मग अख्खी ओळच. एकदा दिसल्यावर ते पुन्हा दिसेनासे होईनात. त्यांच्या वर शिंगांचं एक जनावर. तेजस्विनीबाई म्हणाल्या, हरीण. लियाकतभाऊ म्हणाले, बैल. नवसाबाई म्हणाल्या, "बकरीच हाय, पोट बघा की. गाभण हाय." बाईंनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. खालच्या बाजूला चित्रं का नाहीत असं त्यांनी विचारलं, तर नवसाबाई म्हणाल्या, "पावसात बकऱ्या हितंच उभ्या करतो ना. घासून घासून गेली." तेजस्विनीबाईंनी डोळेच मिटून घेतले.

ह्यांची ती आकृतीही बघितली. हे म्हणायचे हंडा घेतलेली बाई, भाऊ म्हणतात शिंगं लावलेला पुरुष. सितारा, मला ते झाड वाटलं. भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही तिसरा पक्ष काढू नका."

आता मुद्द्याचं. दगड माझ्या पिशवीत होता, पिशवी माझ्या मांडीवर. तेजस्विनीबाई म्हणाल्या, "खरं तर तो इथून उचलायलाच नको होता, जागेवर असता तर निम्मं काम झालं असतं. पण दाखवा तरी." मी पिशवीत हात घालते, तोच लियाकतभाऊ म्हणाले, "वहिनी दगड आणायला विसरल्या." पिशवी आणताना त्यांनीच तर माझ्या हातातून घेऊन जीपमध्ये ठेवली होती. जड आहे, काय भरलंय, असंही म्हणाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बदामाकडे बघत होते. चारचौघांत त्यांना खोटं कसं पाडायचं, म्हणून मीही म्हटलं, "हो, राहिलाच." तेजस्विनीबाई म्हणाल्या, मग ११ फेब्रुवारीला मी नाशिकलाच येऊन घेऊन जाते, पावती देते, शेखररावांचं नाव घालून.

सगळे भाकरी खायला बसले, तेव्हा मी दगड काढून भिंतीजवळ धरला. भिंतीवरचा लाल म्हणजे जांभळाचा जुना डाग असतो तसा. दगडाचा विटेसारखा उजळ. मला वाटलं, उन्हाचा फरक असेल. घरी आल्यावर दगडाला तेल लावून बघितलं. अंगठा विटकरी झाला. दहाव्याचा रंग तसा नव्हता. की नव्हता असं मलाच वाटतं? मोरीतला तो दगड आठवायला बघते, तर कधी असा आठवतो, कधी तसा.

भाऊंनी लिहिलं की दहाव्याला माझ्या अंगठ्याला लागलं ते सांडलेलं हळदकुंकू. पण हे गेल्यापासून तुळशीला मी नुसतं पाणीच घालत होते. तिच्यापाशी कुंकू आलं कुठून? आणि कुंकू नव्हे, गेरूही नव्हे, तर मग त्या दिवशी मी बघितलं काय? मी घरी येईपर्यंत मुठीत धरून आणलं ते काहीच नव्हतं का? तेवढं मला कळू दे. बाकी अहवाल, नाव, दगड, ते होईल तसं होईल.

ललितला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मास्तरकाका म्हणतात हाच तो, तर देऊन टाक. बाबांचं नाव छापून येईल. तुला काय अडतंय?" त्याचंही खरं आहे. ह्यांना तेवढीच एक इच्छा होती.

तुला एकच विचारते. जूनपासून डिसेंबरपर्यंत तो दगड तुझ्या घरात होता असं भाऊ म्हणतात. तू तो कधी बघितला होतास का?

तुझी,
संध्या


नांदगाव,
२ फेब्रुवारी २०२४

प्यारी संध्याताई,

मला लिहायची सवय नाय, चुका काढू नको. हे पत्र मास्तरांना न सांगता लिहिते. ते मशिदीत गेलेत, यायच्या आत पोस्टात टाकायचंय.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. तो दगड आमच्या घरात कधीच नव्हता. तुझं ते अंगठ्याचं पत्र आलं, ते वाचून मास्तर लय रडले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "शेखरचं सगळं पाण्यात गेलं आणि वहिनीला वाटतंय की आपल्या हातानं गेलं. ती जन्मभर स्वतःला खात बसेल." मी म्हटलं, अहो, ती असं म्हणत नाय, नीट वाचा. पण ते ऐकतात कुठं? एक तर कान नाय, त्यात जिद्दी.

दुसऱ्या दिवशी नदीवर गेले. पिशवी भरून गोटे घेऊन आले. मला वाटलं कुंड्यांना लावायचे असतील. मग बघते तर माझ्या मसाल्याच्या खलबत्त्यात गेरू कुटतायत! अल्लाकसम, अजून माझी मिरची कुटली की लाल जास्त दिसते आणि तिखट कमी लागते. गेरू जवसाच्या तेलात कालवला, गोट्यावर घोटला, चुलीत शेकला, चहाच्या पाण्यात उकळला, गुलाबाच्या कुंडीत पुरला. पुन्हा काढून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा पुरायचे. सहा-सात गोटे वाया घालवले. मी म्हटलं, "शाळेत पोरं नक्कल करायची तर छड्या मारायचात, आणि आता?" म्हणाले, "तू चूप बस. ही नक्कल नाय, हे औषध आहे."

त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की तुझं ओझं उतरेल आणि शेखरभाऊंचं नावही लागेल. तिथं डोंगरावर त्या बाई दगड बघायला मागतील तेव्हा काय होईल हे डोक्यात आलं नव्हतं. बाईंसमोर घाबरले, म्हणून तू विसरलीस असं बोलून बसले. आल्यापासून जेवण नीट नाय. रोज पोस्टमन गेला की विचारतात, नाशिकचं काय आलं का? नाय म्हटलं की त्यांना बरं वाटतं आणि वाईट पण वाटतं.

आणि खरा दगड मी बघितलाय. एकदाच. त्या दिवशी मास्तर शेखरभाऊंबरोबर डोंगरावर गेले होते ना, मग आठ दिवसांनी भाऊ आम्हाला दाखवायला तो दगड घेऊन इथं आले होते. जेवून परत घेऊन गेले. मी तो हातात घेतला, कपडे वाळत घालून आले होते, हात ओले होते. हात पदराला पुसला तर डाग पडला. पांढरी साडी, ईदची. मी शेखरभाऊंना लय बोलले. ते म्हणाले, "सितारा, एवढा जुना डाग नांदगावात कोणाच्या साडीला नसेल." तीनदा धुतली, गेला नाय. आत्ता पेटीतून काढून बघितली. काळपट लाल आहे, जांभळासारखा, तू लिहिलंस तसाच.

तू बघितलंस ते खरंच होतं, ताई.

मास्तरांवर रागावलीस तरी चालेल, पण त्यांना रागाचं पत्र लिहू नको. ते सहन नाय करणार.

तुझी,
सितारा


नाशिक,
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय सितारा,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. हे भाऊंना वाचून दाखवायचं की नाही, ते तूच ठरव.

मी रागावलेले नाही. पत्र वाचून आधी हसले, मिरचीपाशी. मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. चहाच्या पाण्यात उकळलेला दगड, गुलाबाच्या कुंडीत पुरलेला दगड! आमच्या ह्यांनी हे ऐकलं असतं, तर मास्तरांना आयुष्यभर चिडवलं असतं. तीस वर्षं दोघं खरे दगड शोधत फिरले आणि शेवटी एकानं स्वतःच बनवला, तोही मैत्रीपायी.

पण भाऊंना एक सांग. ते औषध मला लागू पडलं नाही. दगड पाण्यात गेल्याचं ओझं मला नव्हतंच. त्यांच्या त्या पत्रानं मात्र महिनाभर माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. भांडी घासताना मी अंगठा बघायची. चूक त्यांची नाही, मीच सगळं एका पत्रात कोंबलं होतं. कोणालाही तसंच वाटलं असतं.

गोंधळ संपलाय असंही म्हणत नाही. कोणा बाईनं की पुरुषानं तो रंग घोटला, त्या माणसाचाही जीव त्या दगडात राहिला होता का, आणि तो ह्यांच्याबरोबर गेला का, हे मला कळत नाही. ते कोणत्या देवाचे होते, त्यांच्यात मेलेल्या माणसाचं काय करत, हे पुस्तकांतही शोधलं, कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. कदाचित ह्यांना सोबत झाली असेल. कदाचित काहीच नसेल, गुरुजी म्हणतात तेच खरं असेल.

ललितला कळवलं. तो म्हणाला, "आई, बनवलेला असू दे, ते तपासतील तेव्हा बघू. तोवर बाबांचं नाव तरी लागेल." मी त्याला विचारलं, "आणि तपासल्यावर बाबांचं नाव कशाला लागेल?" मग त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं, "तो दगड दिसायला कसा होता गं?" मी सांगितलं. तो म्हणाला, मी उचलला तो हाताला थंड लागला होता, एवढंच आठवतं.

दगड गेला म्हटल्यावर अहवालात नाव येणार नाही, हे मला माहीत आहे. मी ते वाचून बघितलं असतं, जपून ठेवलं असतं. नाही म्हणायला जड जातंय. ह्यांच्यासाठी मी दुसरं काय करू शकणार होते?

मंगळवारी सकाळी मी तेजस्विनीबाईंना फोन केला. रविवारी दगड न्यायला येऊ नका, तो आम्ही ह्यांच्याबरोबर रामकुंडात सोडला आहे, असं सांगितलं.

तुझी,
संध्या